ब्रश बुडवायच्या आधी इसार : आमच्या तालुक्यातल्या मंडळांना, शाळांना आणि नगरपालिकेला खुलं पत्र

नमस्कार,

मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकर्ते, शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक, नगरपालिकेतले साहेब, नगरसेवक, आणि गेल्या चार वर्षांत ज्यांनी ज्यांनी मला "ताई, जरा एक भिंत काढून द्या की" असं म्हटलंय त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे.

आषाढ संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. पहिल्यांदा गणपतीची मंडळं, त्यातच पंधरा ऑगस्टच्या आधी शाळा, मग नवरात्रवाले, मग नगरपालिकेचं काहीतरी अभियान, आणि डिसेंबरात गॅदरिंगचे पडदे. प्रत्येक फोनची सुरुवात जवळपास सारखीच असते, "ताई, तुमच्याशिवाय कोण हाय हो आपल्या गावात असं काढणारं?" हे ऐकून मला खरंच बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, चार वर्षं झाली तरी अजून बरं वाटतं. पण फोन ठेवला की लक्षात येतं की विषय ठरला, साइज ठरली, कधी पूर्ण करून द्यायचं तेही ठरलं, आणि पैशाचं एक अक्षर निघालेलं नाही. ते मी काढलं तर समोरून थोडा वेळ काहीच आवाज येत नाही आणि मग येतं, "बघूया की, देऊया की, तुम्ही कुठं परक्या हाय?"

या "बघूया की"वर मला सविस्तर बोलायचंय.

मी कोण ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहिती आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी, मी पेंटरची पोरगी. गावात ज्याला पेंटर म्हणतात तो पेंटर, दुकानाच्या पाट्या, दवाखान्याचे बोर्ड, नंबर प्लेटा, ट्रॉलीच्या मागं "आईवडिलांची पुण्याई", निवडणुकीत भिंती, यात्रेत कुस्त्यांचे कापडी बॅनर, हे सगळं पप्पांनी केलंय. पत्र्याला आधी रेड ऑक्साइड, वाळला की दोन हात पांढरा, मग खडूनं ओळी आखायच्या आणि मग सपाट ब्रशनं अक्षरं. मी पहिलीत जायच्या आधी अंगणात बसून ते बघायचे. पप्पा म्हणायचे अक्षराला पोट असतं, पाय असतात, 'क'चं पोट जास्त सोडलं की तो शेजारच्याची जागा खातो. मला अक्षरलेखन कॉलेजात शिकवलं ते नंतर, पण अक्षर म्हणजे काय ते मला तिथं अंगणात टर्पेंटाइनच्या वासात कळलेलं.

पप्पांचा एक नियम होता, इसार घेतल्याशिवाय ब्रश बुडवायचा नाही. बोर्ड कुणाचाही असो, किराणा दुकानदाराचा असो नाहीतर पाहुण्याच्या पिठाच्या गिरणीचा. निम्मे आधी, निम्मे बोर्ड लागला की. आणि याचं कुणाला वाईट वाटायचं नाही! दुकानदार स्वतःच खिशातनं काढून द्यायचे, जसा गाय बघून आल्यावर इसार देतात तसा. आणि बोर्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पप्पांचं नाव असायचं. बाजारपेठेतनं चालत गेलं की मी ते कोपरे मोजायचे. एकदा बावीस मोजलेले.

मी चौथीत असताना गावात फ्लेक्सचं मशीन आलं. ज्या बोर्डाला पप्पांना दोन दिवस लागायचे तो अर्ध्या तासात छापून मिळायला लागला आणि तोही फोटोसकट, मग कोण थांबणार? मी फ्लेक्सवाल्याला दोष देत नाही, तोही पोटासाठीच बसलाय. दोन दिवाळ्यांत कोपरे मोजायचं संपलं. पप्पा कलरकामाला जायला लागले, बंगल्यांना पुट्टी, प्रायमर, इमल्शन, रोजावर. आजही जातात.

आता एक गोष्ट सांगते जी मला खूप उशिरा दिसली. पप्पा ज्या शाळेच्या भिंतीला पांढरा रंग देतात त्या कामाची हजेरी त्यांना शनिवारी मिळते, कुणी "बघूया की" म्हणत नाही. आणि त्याच भिंतीवर चार दिवसांनी मी चित्र काढते, त्याचे पैसे विचारले तर लोकांचा चेहरा बदलतो. भिंत तीच, परांची तीच, ऊनही तेच. पांढऱ्या रंगाला मजुरी आणि चित्राला मात्र शाल. हे असं का झालं ते मला कळत नाही, पण हे असं आहे हे तुम्ही एकदा बघावं म्हणून मी हे पत्र लिहायला बसले.

एका भिंतीचा हिशोब सांगते, नाव कुणाचं घेत नाही कारण मला भांडण करायचं नाहीये, आणि त्यांनी जे केलं ते सगळेच करतात. भिंत ४० फूट लांब, ८ फूट उंच, म्हणजे ३२० स्क्वेअर फूट. विषय पाणी वाचवा आणि मधे शिवरायांचा किल्ला. मी ४० रुपये फूट सांगितले, म्हणजे १२,८०० रुपये. प्रायमर, बाहेरच्या भिंतीचं इमल्शन, स्टेनरच्या बाटल्या, ब्रश, मास्किंग टेप, रोलर सगळं मिळून ३,८०० गेले. एकटीनं एवढी भिंत होत नाही, हाताखाली एक पोरगा घेतला, ५०० रुपये रोज, सहा दिवस, ३,०००. राहिले ६,०००. आणि माझे दिवस नऊ, त्यात आधी घरी बसून स्केच करायचे दोन दिवस धरलेलेच नाहीत. म्हणजे दिवसाला ६६० च्या आसपास, पप्पांच्या रोजापेक्षा कमी. एवढं करून हातात काय आलं तर ५,००० रुपये, एक सन्मानचिन्ह, शाल आणि नारळ. कार्यक्रम मोठा झाला, पाहुणे आले, माझं नाव माइकवरनं घेतलं, टाळ्या वाजल्या. मी घरी आले आणि त्या पोराचे ३,००० दिले, रंगाच्या दुकानात ३,८०० ची उधारी होती त्यातली २,००० भागवली, बाकीची पुढच्या महिन्यात पप्पांनी दिली. म्हणजे त्या भिंतीचे १,८०० रुपये माझ्या बापानं भरले. आई शाल कपाटात ठेवताना काही बोलली नाही, तेच मला जास्त लागलं.

स्क्वेअर फूट म्हटलं की लोकांना वाटतं किती तो भाव, पण त्यात काय काय असतं हे कुणाला माहिती नसतं म्हणून थोडं सांगते. भिंत आधी खरवडायची, जुने पोपडे निघतात ते काढायचे, ओल असेल तर काहीही लावा ते सुटणारच, म्हणून पावसाळ्यात काम नको म्हणते मी तर लोकांना वाटतं टाळतेय. मग प्रायमर, तो वाळला पाहिजे. मग छोट्या स्केचवर चौकोन आखायचे आणि तेच चौकोन भिंतीवर मोठे करून आखायचे, दोरीला रंग लावून फटका मारायचा की सरळ रेष येते. मग एकेका चौकोनातलं चित्र उचलून मोठं करत जायचं. जवळनं काहीच कळत नाही, घोड्याचा डोळा तुमच्या डोक्याएवढा असतो, दर दहा मिनिटांनी परांचीवरनं उतरून रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघायचं आणि परत चढायचं. त्यात दुपारी भिंत तापते, रंग ब्रशवरच वाळायला लागतो, म्हणून सकाळी सहा ते अकरा आणि परत चारनंतर. आणि मी पोरगी असल्यामुळं खाली चार जण उभे राहून बघणार हे वेगळंच, त्याबद्दल आज लिहीत नाही.

मंडळांबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, कारण तिथली पोरं माझ्याबरोबर शाळेत होती आणि त्यांचा मला रागही येत नाही धड. मागच्या वर्षी एका मंडळाला मी मागचा पडदा करून दिला, बारा बाय अठराचा, कापडावर, विषय पंचगंगेचा घाट. खूप मन लावून केला होता, घाटावरचे दगड मी दोनदा जाऊन बघून आले, सकाळचा उजेड दगडावर कसा पडतो ते. पैशाला "गणपती झाल्यावर बसूया" झालं. त्याच मंडळानं डॉल्बीवाल्याला एक महिना आधी इसार दिला होता, लाइटवाल्याला दिला होता, आणि मिरवणुकीच्या दिवशी जनरेटर सुरू व्हायच्या आधी राहिलेले सगळे मोजून दिले, कारण नाहीतर तो गाडी पुढंच काढत नाही. मी अध्यक्षाला विचारलं तर तो अगदी प्रामाणिकपणे बोलला, "ताई, त्यो दिला नाही तर वाजवणार न्हाई, तुमचा पडदा तर लागलाय की." मला हे उत्तर अजून आठवतं. बरोबर आहे त्याचं, माझं काम एकदा झालं की ते काही बंद पडत नाही. ते तिथं राहतं आणि मी मात्र हिशोबाच्या वहीतनं निघून जाते.

माझ्या वहीत मागच्या वर्षाची ३१ कामं आहेत. ठरलेले पूर्ण पैसे आले ती ११. निम्मे किंवा कमी आले ती १४. बाकीची ६ पूर्ण फुकट. आणि यात मी हो म्हटलं म्हणूनच झालं, हे मला मान्य आहे. मला वाटायचं आज फुकट केलं तर उद्या नाव होईल आणि नाव झालं की पैसे येतील. सगळे हेच सांगायचे, "तुझंच नाव होईल बाळ." तर नाव झालं, खरंच झालं, आता पंचक्रोशीत सगळ्यांना माहिती आहे की ही पोरगी छान काढते आणि पैसे मागत नाही.

आणि हे आपल्याच भागात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. कोल्हापूरला कलापूर म्हणायची पद्धत आहे, भाषणात प्रत्येक जण म्हणतो. आबालाल रहिमान सारखा चित्रकार इथं होता, त्याला शाहू महाराजांनी दरबारचा चित्रकार म्हणून पदरी ठेवलं होतं. म्हणजे राजाला कळलेलं की कोटितीर्थ तळ्याच्या काठावर बसून पाणी रंगवणाऱ्या माणसालाही घर चालवायचं असतं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे जोडीदार आनंदराव पेंटर यांनी सुरुवात कशापासून केली? नाटक कंपन्यांच्या पडद्यांपासून! संगीत नाटकांच्या त्या काळात त्यांचे पडदे लोक बघायला यायचे, आणि कंपन्या ते काम सांगून करून घ्यायच्या. त्याच हातानं पुढं बाबूरावांनी कॅमेरा तयार केला, सिनेमे काढले, सिनेमाची पोस्टरंसुद्धा स्वतः रंगवली. आणि नावात काय लावलं तर पेंटर. आडनाव मेस्त्री होतं, पण जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतं. माझ्या बापाला लोक ज्या शब्दानं हाक मारतात तोच शब्द. एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दलाल, मुळगावकर या सह्या घराघरात ओळखीच्या होत्या. यातलं कुणीही "नाव होईल" म्हणून वर्षानुवर्षं फुकट काम करून मोठं झालेलं नाही, ती कामं होती, त्याला गिऱ्हाईक होतं. मी यांच्याशी माझी तुलना करत नाहीये, चुकूनही नाही, मला फक्त एवढंच म्हणायचंय की पडदा आणि पाटी रंगवणं ही आपल्याकडं चित्रकाराची पहिली पायरी होती आणि ती पायरी आता राहिली नाही, तर वर चढायचं कसं?

शाळांना एक वेगळं सांगायचंय. सर, मॅडम, तुम्ही मला शिकवलंय, तुमच्याशी पैशाचं बोलताना माझी जीभ जड होते. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवलं ते तुम्हीच. मला अजून आठवतंय, वस्तुचित्राला तांब्या, कांदा आणि मागं घडी घातलेला टॉवेल होता, स्मरणचित्राला मी बाजाराचं चित्र काढलं होतं आणि भूमितीच्या पेपरला कंपास नव्हता तो शेजारच्या वर्गातनं मागून आणला होता. पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली तेव्हा शाळेनं फळ्यावर नाव लिहिलं होतं. पण आज त्याच परीक्षेकडं बघायची पद्धत काय झालीये तर दहावीला ए ग्रेडचे ७ मार्क वाढीव मिळतात म्हणून बसा. मार्क मिळाले की रंगपेटी माळ्यावर. चित्रकलेचे शिक्षक रिटायर झाले की ती जागा कित्येक ठिकाणी तशीच राहते आणि चित्रकलेचा तास गणिताला जातो. माझ्या बरोबरच्या किती तरी जणांनी एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका केली, आता शाळेत लागू म्हणून, ते अजून वाट बघतायत, कुणी अंशकालीन म्हणून थोड्या मानधनावर जातात. आणि ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक नाही त्याच शाळेला बोलक्या भिंती पाहिजेत आणि त्यासाठी माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलवलं जातं. मी येते, आनंदानं येते. पण मी भिंत रंगवताना खाली जी पोरं उभी राहून बघत असतात त्यातली एखादी मला विचारते, "दीदी, तुम्हाला याचे किती पैसे मिळतात?" आणि मी मुख्याध्यापकांच्या केबिनकडं बघते. तिला काय सांगू? ती पोरगी घरी जाऊन आईला सांगणार आहे की मला पण चित्रकार व्हायचंय. तिच्या आईनं काय हिशोब घालायचा?

माझ्या आईनं घातलेला. बारावीनंतर मी कोल्हापूरला चित्रकलेच्या फाउंडेशन कोर्सला जाते म्हटलं तर घरात तीन दिवस कुणी नीट जेवलं नाही. पप्पा नको म्हणत होते, आश्चर्य वाटेल पण पप्पाच. म्हणायचे मी बघितलंय यातलं सगळं. आईनं तिच्या भिशीचे पैसे दिले. पुढं जी. डी. आर्ट ही कलेची पदविका केली, पेंटिंग घेऊन. सकाळची एसटी, दुपारी रंकाळ्यावर नाहीतर शाहू मार्केटात लोकांची स्केचेस, संध्याकाळी परत शेवटची एसटी. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. आमच्या वर्गातला एक जण आता टॅटू काढतो, दोघं पुण्यात अ‍ॅनिमेशनला, एक मुंबईत सिनेमाच्या सेटवर, एक जण ज्याचा हात आमच्या सगळ्यांत चांगला होता तो फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉवर वाढदिवसाचे बॅनर करतो. बहुतेक सगळे गावाबाहेर गेले. मी राहिले कारण मला इथंच काम करायचंय, या भिंती, हे घाट, ही ऊसतोडीची माणसं, हे सोडून मला दुसरीकडं काय काढायचं ते सुचत नाही.

आता कायद्याचं थोडं. मला भीती घालायची नाहीये, पण माहिती असावं. एका मंडळासाठी मी चार वर्षांपूर्वी फुकट एक गणपती काढून दिला होता, रेषेतला, एका दमात काढलेला. पुढच्या वर्षी तो त्यांच्या टीशर्टवर होता, मग स्टिकरवर, मग दुसऱ्याच गावच्या मंडळाच्या अहवालावर, आणि खालची माझी सही कापलेली. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आपल्याकडं. त्यात असं आहे की पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, सांगणाऱ्याकडं जातो. म्हणजे ज्यानं पैसेच दिले नाहीत त्याच्याकडं तो आपोआप जात नाही, काढणाऱ्याकडंच राहतो. आणि त्याच कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकला तरी हे चित्र माझं आहे असं म्हणायचा अधिकार चित्रकाराकडं राहतो, आणि चित्राची मोडतोड करून त्याची बदनामी होत असेल तर तो दाद मागू शकतो. अमरनाथ सेहगल नावाचे शिल्पकार होते, दिल्लीत विज्ञान भवनाच्या भिंतीवर त्यांचं ब्राँझचं मोठं म्युरल होतं, सरकारनंच करून घेतलेलं. १९७९ ला दुरुस्तीच्या वेळी ते त्यांना न विचारता उतरवलं आणि गोदामात टाकलं, तुकडे झाले. त्यांनी केस केली आणि २००५ ला दिल्ली हायकोर्टानं निकाल दिला की जे उरलंय ते त्यांना परत द्या आणि वर ५ लाख भरपाई द्या. समोर भारत सरकार होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या स्टँडजवळची भिंत आठवली. स्वच्छ सर्वेक्षणाच्या वेळी रंगवून घेतली होती, मी आणि अजून दोघांनी. सात महिन्यांत तिच्यावर खिळे ठोकून वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, आणि पुढं निवडणुकीत अर्ध्यावर चुना मारून चिन्ह काढलं. मी कोर्टात जाणार नाही, तेवढी ताकदही नाही. पण कुणी एक फोन करून सांगितलं असतं की भिंत पुसणार आहोत, तर मी जाऊन एक नीट फोटो तरी काढून ठेवला असता. माझ्याकडं त्या कामाचा चांगला फोटो नाही.

आणि हल्ली नवीन, मोबाइलवर एआयनं केलेलं चित्र पाठवतात आणि म्हणतात हे असंच भिंतीवर उचला, चित्र तर तयारच आहे, तुम्हाला फक्त रंग भरायचाय. त्या चित्रातल्या मावळ्याला कधी सहा बोटं असतात, पगडी कुठल्या तरी तिसऱ्याच मुलखाची असते, घाटाच्या पायऱ्या कुठंच जात नाहीत. ते सगळं दुरुस्त करून आपल्या मातीतलं करायचं म्हणजे नव्यानंच काढायचं असतं. चित्र तयार नसतं दादा.

असं सगळं असलं तरी सगळेच तसे नाहीत हेही लिहिलं पाहिजे. आमच्या इथं रिक्षावाल्यांचं एक छोटं मंडळ आहे, वर्गणी शंभर शंभर रुपयांची. त्यांनी मला बोलवून सांगितलं, आमच्याकडं चार हजार आहेत, त्यात काय बसेल ते करा. मी छोटा पडदा केला, सहा बाय आठ. दोन हजार आधी दिले आणि दोन हजार प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री, दहा दहाच्या नोटा पण होत्या त्यात. एका वाडीतल्या झेडपीच्या शाळेत दोनच शिक्षक, त्यांनी स्वतःच्या खिशातनं रंग आणून ठेवला होता, जेवण मॅडमच्या घरनं यायचं, आणि शेवटच्या दिवशी पाकिटात ठरलेले पैसे. त्या भिंतीच्या कोपऱ्यात मॅडमनी मला माझं नाव लिहायला लावलं, मी नको म्हणत होते, तर म्हणाल्या लिहा, पोरांना कळू दे हे कुणीतरी काढलंय, आपोआप उगवलेलं नाही.

तेव्हा माझं मागणं असं आहे. काम सांगताना पैशाचं आधी बोलूया, तुम्ही लाजू नका, मी पण लाजणार नाही. नसतील तर नाहीत म्हणा, मी त्यात बसेल तेवढं छोटं करीन, किंवा वर्षातनं एक काम मी माझ्या मनानं फुकट करते तसं करीन, पण ते मी ठरवीन. ठरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत लिहून टाकूया, स्टॅम्प पेपर नको. निम्मा इसार आधी, कारण रंगाचं दुकान मला उधार देतं ते माझ्या तोंडाकडं बघून नाही, पप्पांच्या तोंडाकडं बघून. उरलेले काम झाल्यावर आठ दिवसांत. कोपऱ्यात सही असणार, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोराचंही नाव असणार. चित्र पुसायचं असेल तर जरूर पुसा, भिंत तुमची आहे, फक्त आधी कळवा. आणि नगरपालिकेला एवढी विनंती की भिंतींचं काम बाहेरच्या ठेकेदाराला देऊन त्यानं आम्हाला निम्म्या भावात लावण्यापेक्षा गावातल्या पोरापोरींना थेट द्या, दर फुटाचा रेट जाहीर लावा. बिल महिनोन्महिने अडकलं की आमच्यासारख्यांचं सगळंच अडकतं, ठेकेदार थांबू शकतो, आम्ही नाही.

शाल नको. खरंच नको. घरात नऊ झाल्यात.

या पत्रामुळं काही कामं जातील हे मला माहिती आहे. दोन मंडळांना मी मागच्या आठवड्यातच इसाराचं बोलले, एकानं "विचारून सांगतो" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. दुसऱ्यानं मात्र दुसऱ्या दिवशी घरी येऊन ३,००० रुपये दिले. मी घ्यायला संकोचले तर पप्पाच आतनं बाहेर आले, पैसे मोजले, वहीत तारीख लिहिली आणि त्या पोराला चहा विचारला. पडदा चौदा बाय दहाचा आहे, विषय जोतिबाचा डोंगर, पालखी आणि गुलाल. कापड आणून भिजवून वाळत घातलंय. गुलालाचा रंग इमल्शनमधे तसा सापडत नाही, पप्पा म्हणतायत त्यांच्या जुन्या डब्यांत एक लाल आहे त्यात पांढरा किती मिसळायचा ते ते दाखवतील, रविवारी त्यांना सुट्टी आहे.

रविवारी सुरू करतोय. बघायला यायचं असेल तर या, अंगणातच असणार आहोत.

तुमचीच,
स्टँडजवळची भिंत रंगवलेली, पेंटरची पोरगी